सेकंड हँड सात सीटर घेताय? मग गाडी मागून पुढं बघा

आमच्या घरात माणसं सात आणि गाडी पाच सीटची, त्यामुळं अक्कलकोटला जायचं म्हटलं की दोन पोरं मांडीवर आणि धाकटा भाऊ कायम एसटीनं, असं सहा-सात वर्षं चाललं. मागच्या उन्हाळ्यात शेवटी ठरवलं की जुनी सात सीटर बघायची, नवीचं बजेट नव्हतंच. दीड महिन्यात अकरा गाड्या बघितल्या, दोनदा फसता फसता वाचलो, एकदा इसाराचे पाच हजार बुडाले. त्यातनं जे कळलं ते लिहितोय, पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी. मी काय मेकॅनिक नाही, सोलापुरात विजापूर रोडला ओळखीचे एक मिस्त्री आहेत, त्यांच्या मागं मागं फिरून जे शिकलो तेवढंच.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. गाडी बघायला गेल्यावर आपण सगळेच काय करतो, पुढचं दार उघडून ड्रायव्हर सीटवर बसतो, स्टेअरिंगला हात लावतो, टचस्क्रीन चालू करतो आणि तिथंच निम्मे पटलेलो असतो. विकणाऱ्यानं सगळं पॉलिश पण तिथंच मारलेलं असतं. सात सीटर बघताना उलटं करायचं, आधी डिकी उघडायची, तिसऱ्या रांगेत जाऊन बसायचं आणि तिथनं एक एक रांग पुढं यायचं. जास्तीचे पैसे आपण त्या मागच्या दोन सीटांसाठीच मोजतोय ना, मग बघायला सुरुवात तिथनंच.

जायच्या आधी: कुठल्या जातीची गाडी

सात सीटरमध्ये ढोबळ दोन जाती. एक जुन्या पद्धतीची, खाली वेगळी चेसिस (लोखंडी सांगाडा) आणि वर बॉडी बसवलेली, म्हणजे इनोव्हा क्रिस्टा, टाटा हेक्सा वगैरे. दुसरी क्रॉसओव्हर, दिसायला जीपसारखी उंच पण आतनं कारच, चेसिस आणि बॉडी एकच. एक्सयूव्ही ५००, एक्सयूव्ही ७००, २०२१ नंतरची सफारी, अल्काझार, कॅरेन्स, हेक्टर प्लस ह्या सगळ्या त्यातल्या. अर्टिगा पण एकसंध बॉडीचीच, फक्त उंचीला कमी. चालवायला क्रॉसओव्हर हलकी आणि आरामाची, पण अपघात झालेली असेल तर तिच्यात जास्त बारकाईनं बघायला लागतं, कारण बॉडीला बसलेला मार म्हणजे सांगाड्यालाच मार.

लांबी पण आधीच बघून ठेवा. २०१८ च्या शेवटी आलेली अर्टिगा ४३९५ मिलिमीटर, कॅरेन्स ४५४०, एक्सयूव्ही ७०० म्हणजे ४६९५. कागदावर फरक वीतभराचा दिसतो, पण पेठेतल्या बोळात घर असेल तर तेवढ्यानंच गेट लागत नाही. आमच्या गल्लीत मी टेप घेऊन मापं काढत होतो तेव्हा शेजारचे काका म्हणाले, काय बघूलालाव मालक, प्लॉट विकूलालाव काय. हसले तर हसू द्या, मापं घ्या.

आणि सहा सीटर की सात सीटर हे घरात आधी भांडून घ्या. मधल्या रांगेत दोन वेगळ्या सीटा असल्या की मधनं मागं जाता येतं, म्हाताऱ्या माणसांना ते सोपं, पण एक माणूस कमी बसतो आणि मग परत तोच एसटीचा विषय. आम्ही सातच धरलं.

पहिली फेरी भर दुपारी, सगळ्या घरादाराला घेऊन

गाडी दोनदा बघायची. एकदा मे महिन्यात दुपारी एक वाजता, एकदा सकाळी सात वाजता. विकणारा संध्याकाळी सहाला बोलावतो, गार हवेत कुठलाही एसी चांगलाच वाटतो. सोलापुरात ४२-४३ डिग्रीला उन्हात उभी असलेली गाडी किती वेळात मागपर्यंत गार होते तेच बघायचंय आपल्याला.

आम्ही एक गाडी बघायला गेलो तेव्हा आईला थेट तिसऱ्या रांगेत बसवलं. पुढं मी आणि विकणारा, एसी तीनवर, पाच मिनिटांत माझ्या तोंडावर गारेगार वारं. आसरा चौक गेला, सैफुल गेलं, मागनं आवाज नाही. मला वाटलं आई खूश आहे. थांबून मागं बघितलं तर पदरानं वारं घेत बसलेली, मानेपासून घाम, आणि म्हणते बाबा तुझ्या वाऱ्याचं इकडं काय येत नाही रे. मागचा ब्लोअर फिरत होता, आवाज पण होता, वारं गरम. पुढचा एसी ठीक आणि मागचा मेला, असं सात सीटरमध्ये होतं, कारण बऱ्याच गाड्यांत मागच्या रांगांना गॅसची वेगळी लाईन आणि वेगळी कॉइल असते, ती गळकी निघाली की खर्च साधा नाही. काही गाड्यांत तर मागं नुसता पंखा असतो, पुढचीच हवा ओढून मागं फेकतो, कॉइल नसतेच. आपल्या गाडीत काय आहे ते विचारा आणि मागच्या प्रत्येक जाळीला हात लावून बघा.

तिसऱ्या रांगेत बसल्यावर अजून काय बघायचं? गुडघे छातीला लागतात का, कारण सीट जमिनीलगत असली की मांड्या अधांतरी राहतात आणि पुण्यापर्यंत अडीचशे किलोमीटर तसं बसायचं म्हणजे शिक्षा आहे. घरातला सगळ्यात उंच माणूस बसवा. आत जायला मधली सीट पुढं कशी होते ते आईवडलांनाच करायला लावा, आपण करून दाखवू नका. कॅरेन्सच्या वरच्या मॉडेलला बटण दाबलं की मधली सीट पडते, बाकी बऱ्याच ठिकाणी दांडी ओढून जोर लावायला लागतो आणि जुन्या गाडीत ती दांडी अडकलेली असते.

आता एक गुपित. तिसरी रांग खोटं बोलत नाही. घरच्या गाडीत ती रांग वर्षातनं चार वेळा वापरली जाते, त्यामुळं सीट कडक, बेल्ट नवाकोरा, कधी कधी बक्कलवरचं प्लॅस्टिक पण तसंच. विकणारा म्हणतोय डॉक्टरांची गाडी आहे, चाळीस हजार रनिंग, आणि मागची सीट मात्र बसलेली, दाराच्या पायरीवर बुटांनी घासून पांढरं झालेलं, छताला डाग, तर ती गाडी रोज पॅसेंजर घेऊन पळालेली आहे. आपल्याकडं अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर अशा फेऱ्या बाराही महिने, सात सीटरला धंदा तुटत नाही.

टॅक्सी पासिंगची गाडी नंतर खासगी करून पांढऱ्या पाटीवर विकतात. तसं करणं बेकायदेशीर नाही, फक्त आपल्याला सांगितलं पाहिजे आणि भाव त्याप्रमाणं पाहिजे. आरसीवर किंवा परिवहनच्या ॲपवर गाडीचा वर्ग बघा, जुन्या कागदात मोटर कॅब लिहिलेलं सापडलं तर समजून जा. हायवेला गाडी ऐंशीला येऊन अडत असेल तर स्पीड गव्हर्नर अजून आत आहे.

डिकी

तिन्ही रांगा उभ्या ठेवून डिकी बघा. अर्टिगाला तेव्हा २०९ लिटर उरतं, कॅरेन्सला २१६, म्हणजे दोन मध्यम बॅगा आणि एक पिशवी, बस. सात माणसं आणि सात माणसांचं सामान हे ह्यातल्या बहुतेक गाड्यांत एकावेळी होत नाही, कॅरिअर लावायला लागतं, हे आत्ताच मान्य करा. आम्ही घरनं दोन रिकाम्या बॅगा आणि भाकरीचा मोठा डबा घेऊन गेलो होतो, विकणारा बघतच राहिला.

सीएनजी असेल तर टाकी डिकीची किती जागा खाते ते बघा, ती कंपनीची आहे की बाहेरनं बसवलेली, आणि आरसीवर सीएनजी चढवलंय का. सिलिंडरची टेस्टिंग दर तीन वर्षांनी लागते, पाटीवर तारीख असते.

मग डिकीतला गालिचा उचला. खाली पत्र्याची सांधेजोड कंपनीची असेल तर वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसतात आणि सीलर सरळ ओढलेला असतो. मागनं ठोकलेली गाडी असेल तर तिथं पोटीन, वाकडातिकडा सीलर, नाहीतर नुसताच काळा रंग फासलेला. बऱ्याच सात सीटरची स्टेपनी खालनं टांगलेली असते, वाकून बघा, गंजून बसलीय का, उतरते का. पंक्चर झाल्यावर टेंभुर्णीच्या पुढं रात्री कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

पाण्यात गेलेली गाडी

हे जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात आता हा प्रश्न खरा आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर सगळीकडं पाणी शिरलं, त्याआधी २०२० च्या ऑक्टोबरात पण तेच. त्या पाण्यात उभ्या असलेल्या गाड्या कुठं गेल्या? काही विम्यात टोटल लॉस झाल्या, काही धुऊन पुसून परत बाजारात आल्या.

मी बघितलेली सातवी गाडी एकदम चकाचक होती. सीट कव्हर नवीन, मॅट नवीन, आत अत्तराचा असा घमघमाट की डोकं उठावं. मिस्त्री काही बोलले नाहीत, मधल्या रांगेतला सीट बेल्ट धरला आणि ओढत राहिले, ओढत राहिले, शेवटपर्यंत. वरचा पट्टा स्वच्छ काळा, आणि जो भाग एरवी आतच गुंडाळलेला असतो तिथं एक आडवी तपकिरी रेघ, वाळलेल्या चिखलाची, नखानं खरवडली की माती हातात. रेघेच्या खालचा पट्टा कडक झालेला. त्यांनी बेल्ट सोडून दिला आणि म्हणाले, चला मालक, चहा घेऊ. विकणाऱ्याला काय सांगायची पण गरज नव्हती, त्याला कळलं होतं.

तर सगळे सातच्या सात बेल्ट पूर्ण ओढून बघा. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्ट गंजलेत का बघा, आपल्या कोरड्या हवेत सीटखाली गंज यायचं काही कारणच नाही. हेडलाईटच्या आत पाण्याची रेघ, डॅशबोर्डखाली वायरिंगवर माती, गालिच्याखाली कुबट वास. क्रॉसओव्हरमध्ये इलेक्ट्रॉनिक्स भरपूर, सगळ्या काचा, सनरूफ, मागचा कॅमेरा, सगळं चार-चार वेळा चालवा. पाण्यात गेलेली गाडी पहिले सहा महिने नीट चालते आणि मग एकेक सेन्सर दगा द्यायला लागतो.

दुसरी फेरी सकाळी, इंजिन गार असताना

फोन न करता गेलात तर उत्तम, नाहीतर सांगून ठेवा की चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा. गरम असेल तर गाडी आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे गार इंजिनचा आवाज किंवा धूर आपल्याला दाखवायचा नाहीये. गार इंजिनला कूलंटचं झाकण उघडून बघा (गरम असताना अजिबात नाही, भाजेल), त्यावर तेलाचा तवंग नको. चालू केल्यावर मागं एक माणूस उभा करा, निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, डिझेलला काळा धूर सतत येत असेल तर इंजेक्टर नाहीतर टर्बोचं काम. ऑइल टाकायचं झाकण काढून बघा, तिथनं भकाभका धूर मारत असेल तर मिस्त्री लोक म्हणतात बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिन आतनं झिजलंय, तिथनं नमस्कार करून निघा.

डिझेल की पेट्रोल ह्यावर माझं मत स्पष्ट आहे. गावातल्या गावात फिरायचं, शाळा, नवी पेठ, दवाखाना, तर बीएस सिक्स डिझेल घेऊ नका. २०२० च्या एप्रिलनंतरच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडकवायचा फिल्टर असतो, ती काजळी जाळायला गाडी अधूनमधून हायवेला पळायला लागते, नुसती गावात फिरली की फिल्टर चोक होतो. महिन्यातनं दोन-तीन वेळा पुणे-हैदराबाद होत असेल तर मात्र डिझेलच.

चालवताना सातही माणसं बसवा. एकटा ड्रायव्हर असताना सगळ्याच गाड्या छान पळतात. भरलेली गाडी मागनं किती बसते ते बाहेर उभं राहून बघा, स्पीड ब्रेकरला खाली घासते का, खड्ड्यात मागनं धाड असा आवाज येतो का, म्हणजे शॉकअप नाहीतर बुश गेलेत. जमलं तर तुळजापूरच्या घाटात न्या. पंचेचाळीस किलोमीटर कोण देतो चालवायला असं तुम्ही म्हणाल, मी पेट्रोल टाकून देतो म्हटल्यावर तीनपैकी दोघं तयार झाले, आणि जो तयार झाला नाही त्याच्या गाडीचं काय ते मी समजलो. घाटात भरल्या गाडीला तिसऱ्या गिअरवर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो आणि स्पीड वाढत नाही, तर क्लच प्लेट संपलीय. ऑटोमॅटिक असेल तर घाटापेक्षा गर्दीत बघा, रेंगत चालवताना थरथरते का.

एकदा अंधार पडल्यावर पण चालवून बघा. उन्हानं हेडलाईटच्या काचा पिवळ्या पडतात, आणि उसाच्या सीझनला पंढरपूर रोडला रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या कशा असतात ते तुम्हाला सांगायला नको. टायरवर चार आकड्यांचा कोड असतो, ३२२१ म्हणजे २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातलं. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांचं टायर बाजूनं चिरलेलं असतं, आपल्याकडचं ऊनच तसं आहे. एमएच-०८ म्हणजे रत्नागिरीची किंवा मुंबईची गाडी असेल तर उलटं, रबर बरं असतं आणि खालनं गंज.

पोरांचं एक सांगतो. लहान मुलांना अगदी मागं बसवायची आपल्याला सवय आहे, कारण मोठे तिथं बसायला तयार नसतात. पण बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटचं डोकं आणि मागची काच ह्यात वीतभर पण अंतर नसतं, मागनं ट्रकनं ठोकलं तर काय होईल ते बघूनच कळतं. लहानांची सीट मधल्या रांगेत, तिथं ती अडकवायचे आयसोफिक्सचे हूक आहेत का बोटांनी चाचपून बघा. मागं आम्ही दोघं भाऊ बसतो.

कागद

इथं लोक कंटाळा करतात आणि इथंच फसतात. सगळ्यात कामाचा कागद म्हणजे चालू विम्याची पॉलिसी. त्यात नो क्लेम बोनसचा टक्का असतो, २०, २५, ३५, ४५, ५० असा दर वर्षी चढत जातो. एकाच मालकाची सहा वर्षांची गाडी, कधी क्लेम नाही म्हणतोय, तर तिथं ५० पाहिजे. शून्य किंवा २० असेल तर एक-दोन वर्षांत क्लेम झालाय, कशाचा ते विचारा. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर आपल्याला मिळत नाही, त्यामुळं विम्याचा खर्च त्या हिशेबानं धरा.

मग आरसीवर बँकेचा बोजा आहे का. लोन फिटलंय असं तोंडी चालत नाही, बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात घ्या. माझे इसाराचे पाच हजार ह्याच्यातच गेले, एजंट म्हणाला दोन दिवसांत एनओसी येते, ती आलीच नाही. थकलेली ई-चलनं महाट्रॅफिकवर गाडी नंबर टाकून दिसतात, ती त्यानं भरायची. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर नवी सुरक्षित नंबर प्लेट लावलीय का तेही बघा.

सोलापुरात कर्नाटकातल्या केए-२८, केए-३२ आणि तेलंगणाच्या गाड्या स्वस्तात येतात, सीमा जवळ आहे. स्वस्त का ते समजून घ्या. तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणायला लागते, इकडं परत टॅक्स भरायला लागतो, तिकडचा रिफंड मागत फिरायला लागतं, आणि मगच आपला सोलापूरचा एमएच-१३ नंबर पडतो. टॅक्सचा आकडा आरटीओत आधी विचारून तो गाडीच्या भावात मिळवा आणि मग बघा स्वस्त राहते का. आम्हाला एक अशीच गाडी लाखभरानं स्वस्त वाटली होती, हिशोब केल्यावर राहिली नाही.

महाराष्ट्रातलीच गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, चेसिस नंबर स्वतः गाडीवर वाचून आरसीशी जुळवायचा, आणि ट्रान्सफर होईपर्यंत थोडी रक्कम मागं ठेवायची. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवस असतात, लगेच करा. फास्टॅग जुन्या मालकाचा असतो, तो त्याला बंद करायला सांगून आपला नवीन घ्या, नाहीतर सावळेश्वरला टोल त्याच्या खात्यातनं कटतो आणि रात्री त्याचा फोन येतो.

शेवटी आम्ही २०१९ ची पेट्रोल अर्टिगा घेतली, दुसऱ्या मालकाची, पुढच्या बंपरला टचअप असलेली, पण तिसऱ्या रांगेचे बेल्ट कोरे होते. पैसे देताना एक मात्र विसरलो, दुसरी चावी मागायची. गाडी चोरीला गेली तर विमावाले दोन्ही चाव्या मागतात. तो माणूस म्हणाला घरी आहे, देतो. त्याचं घर बार्शीत आहे आणि मी आत्तापर्यंत दोनदा जाऊन आलोय.